विश्वकद्रु : माग काढणाऱ्या कुत्र्याचे जुने नाव

गोव्यातल्या साखळी गावात लिहिताना ‘कुत्रा’, बोलताना ‘सुणें’. बोलीतला हा शब्द संस्कृत ‘शुनक’चा थेट वारस. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात कुत्र्याची नावे आहेत, त्यांत शुनक आहेच. पण तिथेच असलेला ‘विश्वकद्रु’ मात्र आज कुणाच्या तोंडी नाही.

अर्थ

अमरसिंहाने अर्थ नेमका दिला आहे : मृगयेत, म्हणजे शिकारीत, तरबेज असलेला कुत्रा. पिसाळलेला तो ‘अलर्क’, कुत्री ती ‘सरमा’. सरमा हे मुळात ऋग्वेदातल्या इंद्राच्या दूतीचे नाव. पणी नावाच्या असुरांनी दडवलेल्या गायींचा माग तिनेच काढला. कुत्र्यांचे कळप बाळगणाऱ्या शिकाऱ्यांना ‘श्वगणिन्’ म्हणत. कौटिल्याने त्यांना रानात गस्त घालायला लावले आहे. चोर वा शत्रू दिसला की शंख-दुंदुभी वाजवायची.

शब्द कुठून आला

यास्काच्या निरुक्तात ‘विश्चकद्र’ हा मिळताजुळता शब्द आहे. यास्क तो कुत्र्याच्या चालीशी जोडतो आणि त्यातल्या ‘द्राति’चा अर्थ हीन चाल असा लावतो. हे ‘हीन’ मला पटत नाही. काजूच्या डोंगरावर रानडुकराच्या वासावर लागलेले सुणें पाहावे. नाक जमिनीला, शेपूट ताठ. वास तुटला की ते थबकते, मागे येते, गोल फिरते आणि पुन्हा सापडताच झुडपांतून सरळ सुटते. त्या चालीत हीन काही नाही, सगळे लक्ष एकवटलेले असते.

माग, मागणे, मार्ग

विश्वकद्रु गेला, त्याचे काम सांगणारा शब्द उरला : माग. तो ‘मार्ग’वरून आला, आणि ‘मार्ग’चे नाते ‘मृग’शी. मृग म्हणजे पूर्वी फक्त हरीण नव्हे, कोणतेही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगराज आणि माकड शाखामृग. जनावर ज्या वाटेने गेले तो मार्ग. धातुपाठात ‘मृग’ आणि ‘मार्ग’ या दोन्ही धातूंचा अर्थ शोधणे असाच दिला आहे. आपले ‘मागणे’ही याच कुळातले, आधी शोधणे, मग हवे ते मागणे.

इंग्रजीतही असेच घडले. ‘स्ल्यूथ-हाउंड’मधला ‘स्ल्यूथ’ जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ माग. माग काढणाऱ्या कुत्र्याचे ते नाव पुढे गुप्तहेराला चिकटले. आपल्याकडे पोलिसांचे श्वानपथक आले की बघे आजही एवढेच विचारतात, ‘माग लागला का?’