आपली रेषा आपण कशी शोधायची?

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत बॅनर लागतात. बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेले तेच चित्र, तीच निळी पार्श्वभूमी, तीच सोनेरी किनार. गाव बदलते, मंडळाचे नाव बदलते, चित्र मात्र बदलत नाही. वस्त्यांमध्ये तरुणांसोबत काम करताना आम्ही पाहतो की भाषण स्वतःचे असावे असे प्रत्येक कार्यकर्त्याला वाटते. गायन पार्टीलाही नवे गीत हवे असते. चित्र तेवढे आपण आयते घेतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: “आम्हाला चित्रकला येत नाही.”

या उत्तराचे मूळ शाळेत आहे. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी हे चित्र आपण सगळ्यांनी काढले आहे, जिथे डोंगर नाहीत तिथेही. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या. तिथे वस्तू हुबेहूब उतरवण्याला महत्त्व आले आणि रेषा चुकली की खोडरबर हाती आला. हे कौशल्य उपयोगाचे आहेच. पण हुबेहूब काढता येणे हे वळणदार हस्ताक्षरासारखे आहे. अक्षर सुंदर असले म्हणजे सांगण्यासारखे काही असतेच असे नाही.

चित्रभाषा ही वेगळी गोष्ट आहे. आपण पुन्हापुन्हा निवडतो त्या रेषा, आकार, रंग आणि खुणा हे तिचे शब्द. त्यांची मांडणी कशी करतो, काय मोठे काढतो, कुठली जागा रिकामी सोडतो हे तिचे व्याकरण. ही भाषा दुकानातून शैली निवडावी तशी निवडता येत नाही. ती प्रयोगातून, हळूहळू सापडते. तीन चित्रकारांच्या कामातून हे नीट समजते.

पहिले रवींद्रनाथ टागोर. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण पूर्ण केले नव्हते. हस्तलिखितात खोडलेले शब्द ते रेषांनी एकमेकांना जोडत. त्या खाडाखोडीतून पक्षी, चेहरे, अनोळखी प्राणी तयार होत. १९२४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘पूरबी’च्या वहीत हे स्पष्ट दिसते. चुकलेली जागा लपवायची सोडून त्यांनी तिथूनच चित्र सुरू केले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन झाले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मागे राहिली ती दोन हजारांहून अधिक चित्रे.

दुसरे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे. वारली चित्रे परंपरेने स्त्रिया काढत, तीही मुख्यतः लग्नाच्या वेळी, घराच्या भिंतीवर. मशे यांनी ते रोजचे काम केले आणि कागद-कापडावर आणले. टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचा माणूस त्यांना परंपरेनेच दिला होता. पण मासेमारीचे प्रचंड जाळे बारीक रेघांनी विणून सगळा पट व्यापून टाकणे हे त्यांचे स्वतःचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सामूहिक भाषेत राहूनही स्वतःचा आवाज काढता येतो, हे त्यांच्याकडून शिकावे.

तिसरे नागपूरचे सवी सावरकर. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, याचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केला आहे. सावरकरांच्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत ते मडके आणि तो झाडू वारंवार येतात. रेषा खरखरीत, शरीरे मोडलेली. जे सांगायचे आहे ते गुळगुळीत रेषेत मावले नसते. इथे रेषेचा पोत हाच आशयाचा भाग झाला आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे? आम्ही सुचवतो तो क्रम साधा आहे. खर्चही फारसा नाही.

पहिला आठवडा: कागदाकडे न बघता काढा. समोर चप्पल, पातेले किंवा स्वतःचा डावा हात ठेवा. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवा आणि त्याच वेगाने पेन चालवा. पाच मिनिटे पेन उचलायचे नाही. चित्र वेडेवाकडे येईल. पण डोळा म्हणजे बदाम, झाड म्हणजे ढग अशी मनात साठलेली तयार चिन्हे गळून पडतील आणि हात खरोखर बघायला लागेल.

दुसरा आठवडा: साधन बदला. कोळसा, शाईत बुडवलेली झाडूची काडी, चहाचे पाणी, जुने वर्तमानपत्र. सवयीचे साधन हातातून गेले की सवयीची रेषाही जाते.

तिसरा आठवडा: एकच वस्तू वीस वेळा काढा. वस्तीतला सार्वजनिक नळ घ्या किंवा विहाराची पायरी. पाच-सहा चित्रांनंतर सुचेनासे होते. खरा प्रयोग तिथून पुढे सुरू होतो.

चौथा आठवडा: नवे काही काढू नका. सगळे कागद जमिनीवर मांडा आणि मित्रमैत्रिणींना बोलवा. ‘छान’ किंवा ‘वाईट’ म्हणायचे नाही. पुन्हापुन्हा काय येते एवढेच शोधायचे. कुणाची रेषा तुटक असते, कुणी आकृती कोपऱ्यात ढकलतो, कुणी कागद काळा करून उजेड शिल्लक ठेवतो. अशा तीन गोष्टी लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात त्या मुद्दाम वापरा. कागदांवर तारीख घाला, एकही फाडू नका.

प्रयोग म्हणजे काहीही चालते, असा गैरसमज मात्र नको. प्रत्येक प्रयोगाला एक नियम हवा आणि शेवटी तपासणी हवी. ती नसेल तर नुसती रेघोट्यांची वही भरते.

यात सौंदर्याइतकाच प्रश्न ओळखीचा आहे. आपल्या वस्तीत पाण्याची रांग कशी लागते, रात्रपाळीहून परतणारी आई कशी बसते, अभ्यासिकेतल्या एका दिव्याखाली किती डोकी असतात, हे आयत्या चित्रांच्या साठ्यात मिळत नाही. आपण काढले नाही तर ते कुणी दुसरा त्याच्या नजरेने काढेल, किंवा कुणीच काढणार नाही.

येत्या कार्यक्रमाचे एक तरी पोस्टर हाताने करा. मंडळाचे नाव शेवटी लिहा. नाव लिहिण्याआधी ते वस्तीतल्या चार जणांना दाखवा आणि विचारा, हे कुठले आहे? ते आपल्याच गल्लीचे नाव घेतात का, तेवढे बघा.