मार्सेलिस बंदराचा उंबरठा

मार्सेलिस हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोचले ते एका दिवसामुळे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी तेथे बोटीतून उडी घेतली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते ज्या किनाऱ्याला लागले तो किनारा कोणत्या शहराचा, असे कोणी विचारले तर आपण बहुधा थबकतो. त्या शहराची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच आमचा येथे हेतू आहे. फ्रेंच लोक त्याला 'मार्सेय' म्हणतात. आम्ही मराठीत रुळलेलेच नाव चालवतो.

नकाशा डोळ्यांपुढे आणावा. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, ऱ्होन नदीच्या मुखाच्या पूर्वेस, चुनखडीच्या पांढऱ्या डोंगरांमध्ये भूमध्य समुद्राचा एक अरुंद फाटा आत शिरला आहे. तेच जुने बंदर. ऱ्होन नदी अमाप गाळ आणते. पण किनाऱ्याचा प्रवाह तो गाळ पश्चिमेकडे ओढून नेतो, आणि मार्सेलिस पडते पूर्वेला. त्यामुळे ऱ्होनचा मुलूख हाताशी असूनही तिचा गाळ या बंदरात साचला नाही. दर्यावर्दी माणसाची नजर अशी जागा चुकत नाही. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील फोकेया येथील ग्रीक येथे उतरले. दंतकथा अशी की, तेथील राजाची कन्या जिप्टिस हिचा त्याच दिवशी स्वयंवरासारखा समारंभ होता, आणि तिने पाण्याचा पेला देशी तरुणांना न देता प्रोटिस नावाच्या पाहुण्या ग्रीकाच्या हाती दिला. कथा खरी असो वा नसो, शहराने आपल्या जन्माची म्हणून हीच कथा जपली, याचे आम्हाला कौतुक वाटते. परक्याला घरात घेण्यापासून या गावाचा आरंभ आहे.

आता बंदर म्हटले की दार उघडे ठेवल्यावाचून पोट भरत नाही, आणि सताड उघडे ठेवले तर जीव वाचेलच असे नाही. त्या दाराशी कोणाला थांबवायचे आणि कोणाला आत घ्यायचे, हे ठरवायचे कोणी? मार्सेलिसच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. मधली शतके, ख्रिस्तपूर्व ४९ मधला सीझरचा वेढा, मध्ययुगातले सरदार व धर्मगुरू हे सर्व ओलांडून आपण एकदम चौदाव्या लुईच्या काळात येऊ. १६६९ साली त्याने मार्सेलिसला जकातमुक्त बंदर केले. तुर्की साम्राज्यातून, म्हणजे सीरिया, सायप्रस, इजिप्त या बाजूने येणारा माल दुसऱ्या मार्गाने फ्रान्समध्ये आणला तर त्यावर शेकडा २० जकात बसे. साहजिकच तो सारा व्यापार मार्सेलिसच्या पदरात पडला. पण त्याच प्रदेशात प्लेगचे ठाणे होते. कापूस आणि रोग एकाच वाटेने येणार हे शहर जाणून होते, आणि म्हणून त्याने विलगीकरणाची मोठी कडक व्यवस्था बसवली होती.

ती व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. बाहेरून आलेले जहाज थेट बंदरात येत नसे. कप्तान लहान होडीतून किल्ल्यालगतच्या आरोग्य-कचेरीपाशी येई, आणि खालूनच, कोणाला न शिवता, शपथेवर हकीकत सांगे. त्याची कागदपत्रे व्हिनेगरमध्ये बुडवून घेत. प्रत्येक बंदर सोडताना मिळालेला आरोग्य-दाखला तो दाखवी. दाखला 'स्वच्छ', 'संशयित' की 'दूषित' यावर माणसांनी आणि मालाने किती दिवस अलग राहायचे ते ठरे. प्लेगचा संशय बळकट असला तर जहाज दूरच्या जार बेटाकडे पाठवायचे, असा रिवाज होता. व्यवस्था उत्तम होती. उणीव एकच, की ती चालवणारे अधिकारी शहरातल्या व्यापारी वर्गातूनच येत. ज्याचा माल, त्याचाच पहारा.

२५ मे १७२० रोजी 'ग्राँ सेंत आंत्वान' नावाचे जहाज सीरियाकडून कापड व कापूस घेऊन आले. वाटेत एक उतारू, मग खलाशी, मग जहाजाचा वैद्य अशी माणसे मेली होती. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराने जहाजाला थारा दिला नव्हता. पण जुलैत बोकेरची मोठी जत्रा भरायची होती, आणि सुमारे एक लाख एक्यू किमतीचा माल तिथे पोचवायचा होता. त्या मालाच्या मालकांमध्ये शहराचा प्रमुख नगराधिकारी एस्तेल हाही होता. जहाजाला जार बेटाकडे पिटाळण्याऐवजी माल शहराला लागून असलेल्या आरेंक येथील विलगीकरण-वखारीत उतरवण्यात आला. तेथून काही गाठोडी चोरून बाहेर गेली. जूनमध्ये जुन्या वस्तीत पहिले बळी पडले. ऑगस्टमध्ये दिवसाला हजाराच्या घरात माणसे मरू लागली.

पिसवांमुळे प्लेग पसरतो हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. जंतू सापडला १८९४ मध्ये, आणि पिसूचा हात सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये, म्हणजे मुंबई-पुण्याला त्याच रोगाने घेरले असताना. परंतु कापडाची गाठोडी घातक असतात, एवढे अनुभवाने मार्सेलिसला पक्के माहीत होते. तेव्हा अज्ञानाची सबब येथे चालणार नाही. ला तूरेत या जागी उन्हात कुजत पडलेले प्रेतांचे ढीग शव्हालिए रोझ याने सप्टेंबरात सैनिक व कैदी घेऊन हलवले. कैद्यांपैकी फारच थोडे वाचले. नव्वद हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात सुमारे चाळीस हजार माणसे गेली. जहाज राजाज्ञेने जार बेटापाशी जाळले. १९७८ साली पाणबुड्यांना त्याचे अवशेष सापडले. कप्तान शातो याला समुद्रातल्या इफच्या किल्ल्यात डांबले. नगराधिकारी एस्तेल मात्र सुटला, इतकेच नव्हे तर त्याला सरदारकी मिळाली.

पुढचे शतक समृद्धीचे. पटकीच्या साथीनंतर द्युराँस नदीचे पाणी कालव्याने १८४९ मध्ये शहरात आले, जुने बंदर अपुरे पडले म्हणून उत्तरेला ज्योलिएत येथे नव्या गोद्या बांधल्या, आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला होताच मार्सेलिस आपल्या मुंबईच्या वाटेवर आले. विलायतेचे उतारू येथे उतरून आगगाडीने कॅलेकडे जात. त्यात बरेच दिवस वाचत. १९३१ साली गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही ११ सप्टेंबरला येथेच उतरले.

या वाटेवरच १९१० चा प्रसंग घडला. सावरकरांना घेऊन निघालेली 'मोरिया' ७ जुलैच्या संध्याकाळी बंदरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शौचकूपाच्या गवाक्षातून उडी टाकली. पोहण्याचे अंतर मोठे नव्हते, कथेत ते वाढत गेले आहे. पण महत्त्व अंतराला नव्हतेच. किनाऱ्याला पाय लागताच ते फ्रान्सच्या भूमीवर होते, आणि तेथून कोणाला परत द्यायचे तर फ्रेंच कायद्याची रीतसर कारवाई हवी होती. बंदरावरच्या एका फ्रेंच शिपायाला वाटले की जहाजावरचा कोणी खलाशीच पळतो आहे. त्याने त्यांना धरले आणि बोटीवर परत नेऊन दिले. सारे काही मिनिटांत आटोपले. ज्याँ जोरेस आदी फ्रेंच समाजवाद्यांनी गहजब केला, आणि प्रकरण हेगच्या लवाद-न्यायालयात गेले. पाच पंचांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल दिला. त्यात अटक व सुपूर्दगी यांत अनियमितता झाल्याचे मान्य केले; पण दोन्ही देशांच्या पोलिसांत आधीच सहकार्य ठरले होते आणि ब्रिटनने कपट वा जबरदस्ती केली नव्हती, म्हणून कैदी परत करण्यास ब्रिटन बांधलेले नाही, असे ठरवले. चूक घडली खरी, पण ती दुरुस्त करणे कोणावरच बंधनकारक नाही, असा हा विचित्र न्याय.

चारच वर्षांनी, सप्टेंबर १९१४ मध्ये, हिंदी फौजांचे लाहोर डिव्हिजन याच बंदरात उतरले तेव्हा लोकांनी रस्त्यांत फुलांनी स्वागत केले. त्या फौजेत आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. पुढे महिनाभरात न्यव्ह शापेल येथे त्यांची लांडगेतोड झाली. शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे.

दार आतून बंद झाल्याचे दिवसही मार्सेलिसने पाहिले. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हिटलरच्या तावडीतून निसटू पाहणारे लेखक, चित्रकार, यहुदी कुटुंबे येथे गोळा झाली. समुद्र समोर, पण देश सोडण्याचा परवाना मिळेना. व्हेरियन फ्राय या अमेरिकनाने खऱ्याखोट्या कागदपत्रांनी त्यांतल्या पुष्कळांना बाहेर काढले. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने जुन्या बंदराकाठची वस्ती रिकामी केली. सुमारे वीस हजार माणसे हलवली, शेकडो यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडले, आणि नंतर तो भाग सुरुंगांनी उडवून दिला. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तेथील लाखो युरोपीय या धक्क्यावर उतरले, तेव्हा त्यांनी दुसरीकडे जाऊन बस्तान बसवावे, असे महापौर गास्तों दफेर यांनी उघड बोलून दाखवले. तरी त्यांतले पुष्कळ राहिलेच, आणि त्यांच्यामागून अल्जीरियाचे मूळ रहिवासी कामगार म्हणून आले.

आज मोठी जहाजे पश्चिमेला फोसच्या बंदरात लागतात. जुन्या बंदरात हौशी लोकांच्या होड्या डुलतात. १७२० ची गाठोडी जिथे उतरली ते आरेंक कोठे आहे, म्हणून कोणी शोधू लागला तर ती वखार सापडणार नाही. एकोणिसाव्या शतकात ती पाडून तेथे गोद्या केल्या. पण जागेचे नाव राहिले आहे. १९६० नंतरच्या दशकात त्याच आरेंकच्या धक्क्यावरील एका गोदामात पोलिसांनी परदेशी लोकांना कायद्याचा आधार नसताना, कोणाला पत्ता न लागू देता डांबून ठेवण्यास सुरुवात केली. १९७५ मध्ये ते उघडकीस आले. पुढे त्या कोठडीला कायदेशीर रूप मिळाले, आणि २००६ मध्ये ती तेथून उठून शहरातच ल काने भागात गेली.