पाणी येण्याआधी निरोप यायला हवा



आपल्या मानवत तालुक्याच्या उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी. या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानात आपला ऊस उभा आहे. नदीने आपल्याला पुष्कळ दिले, पण एखाद्या साली ती घेऊनही जाते. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीकाठाने ते पाहिले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तर जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला आणि मराठवाड्यातली उभी पिके मातीसकट वाहून गेली.

पाऊस आपल्या हातात नाही. पण पाणी यायच्या आधी निरोप पोचवणे आपल्या हातात आहे. या अंकात त्याबद्दलच थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम निरोपातले शब्द समजून घेऊ. 'क्युसेक' म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २८० टँकर एका सेकंदात रिकामे केले, तर जेवढे पाणी होईल तेवढे! तेव्हा 'विसर्ग वाढवला' ही बातमी ऐकून न ऐकल्यासारखी करू नये. पैठणचे पाणी आपल्या काठाला यायला बराच वेळ लागतो, तेवढा वेळ हाताशी असतो. माजलगावचे पाणी मात्र सिंदफणेतून जवळच गोदावरीला मिळते, तिथे सवड कमी. दुधनेकाठच्या सभासदांनी सेलू तालुक्यातल्या निम्न दुधना धरणाकडे लक्ष ठेवावे. आणखी एक गोष्ट : नदी फुगली की ओढ्याचे पाणी नदीत शिरत नाही, ते उलटे तुंबते. म्हणून नदीपासून लांबचे रानही पाण्याखाली जाते.

दुसरा शब्द 'अतिवृष्टी'. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल खाते अतिवृष्टी धरते. एवढ्या पावसाने एका एकरावर अडीच लाख लिटरहून जास्त पाणी पडते. हवामान खाते इशारे रंगांत देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हलाच.

हा इशारा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून तहसीलला येतो. तिथून तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), पोलीस पाटील आणि कोतवालाकडे येतो. इथपर्यंत बहुधा ठीक चालते. घोडे अडते ते पुढे. गावात आलेला निरोप शिवारात जात नाही. नदीवर मोटारीपाशी झोपलेला गडी, मळ्यातल्या वस्तीवरची म्हातारी माणसे आणि कोपीत राहणारे ऊसतोड कामगार, यांना कोण सांगणार? "सांगितलं असंल कुणीतरी" असे प्रत्येकाला वाटते आणि कुणीच सांगत नाही.

ऊसतोड कामगारांचे तर आणखी अवघड. ते परगावचे. कोणता ओढा किती चढतो हे त्यांना ठाऊक नसते आणि त्यांचा नंबर गावाच्या यादीत नसतो. पावसाळा संपला म्हणून धोका संपला असेही नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ऐन हंगामात आली होती.

कुणी म्हणेल, कारखान्याचा भोंगा आहे की! पण वाफेवरचा भोंगा बॉयलर पेटला असेल तरच वाजतो, आणि पूर येतो तेव्हा बॉयलर थंड असतो. मोबाईलचेही तसेच. वीज गेली की काही तासांत टॉवर बंद पडू शकतो. म्हणून एका साधनावर भिस्त ठेवू नये.

आमची सूचना साधी आहे. पावसाळ्याआधी प्रत्येक गावात एक बैठक घ्यावी आणि एवढे ठरवावे :

१. दर दहा-पंधरा घरांमागे एक माणूस नेमावा. निरोप आला की त्याने तेवढ्याच घरांना सांगायचे. तो गावाला गेला तर दुसरा कोण, हेही ठरवावे.

२. वस्त्या, नदीवरच्या मोटारी आणि कोप्या यांची यादी करावी. मुकादमाचा नंबर त्यात हवाच. निरोप मिळाला की उलट कळवायचे. उलट निरोप आला नाही, तर माणूस पाठवायचा.

३. देवळाचा किंवा मशिदीचा कर्णा बॅटरीवर चालेल अशी सोय करावी. वीज नसली तर ट्रॅक्टरची बॅटरी कामाला येते. कर्णा बिघडला तर दवंडी आहेच.

४. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर गोठ्याच्या भिंतीवर गेरूने लिहून ठेवावेत.

५. विजेसाठी 'दामिनी' हे मोफत अ‍ॅप घरातल्या एका तरी मोबाईलवर घ्यावे. ढग गडगडला की झाडाखाली थांबू नये, काम सोडून पक्क्या घरात जावे.

शेवटी एक कळकळीची विनंती. आपल्याकडे पुरात माणसे जातात ती बरीचशी दोन कारणांनी : रात्री मोटार काढायला नदीत उतरल्याने आणि पाणी वाहत असताना फरशी पुलावरून गाडी घातल्याने. "एवढ्याशा पाण्याला काय होतंय?" असे म्हणू नका. दोन फूट वाहत्या पाण्यात जीपसुद्धा तरंगू लागते. नारिंगी इशारा आला की दिवसाउजेडीच मोटार वर घ्यावी. राहिली तर राहू द्यावी. मोटार पुन्हा घेता येते. माणूस गेल्यावर सरकार वारसाला चार लाख देते, पण त्या पैशाने घरचा कर्ता परत येत नाही.

ऊस तोडायला आपण टोळी बांधतो, तशी निरोपाचीही टोळी बांधू या. आपल्या गावाची यादी गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडे आणून द्यावी. एक प्रत गावात राहील, एक कारखान्यात राहील. यादीत शेवटचे नाव कुणाचे आहे ते नीट पाहून ठेवा. त्याच्यापर्यंत निरोप पोचला, तरच गावाला निरोप पोचला असे समजावे.