वाटेंत हिसकावलेली मोटार : गुन्हा, शिक्षा आणि बचाव

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरुड हें बाजाराचें मोठें गांव आहे. तेथून पश्चिमेस कांहीं अंतर गेलें कीं लातूर जिल्ह्याची हद्द संपते आणि धाराशिव जिल्हा लागतो. या रस्त्यानें एखादा ट्रकचालक रात्रीं तुरीचीं पोतीं घेऊन निघाला आहे, अशी कल्पना करावी. वाटेंत दोघे इसम हात दाखवून त्याला थांबवितात, सुरा उगारून खालीं उतरवितात आणि गाडी घेऊन पसार होतात. गाडी गेली, एवढें चालकाला कळतें. कायद्याच्या दृष्टीनें नेमकें काय घडलें, हा प्रश्न मात्र तेथून पुढें सुरू होतो. आणि त्याच्या उत्तरावर कोणाच्या तरी आयुष्याचीं तीन वर्षें तुरुंगांत जावयाचीं कीं चौदा, हें ठरतें.

अमेरिकेंत चालकाच्या हातून बळानें मोटार हिरावणें हा 1992 पासून मध्यवर्ती कायद्याचा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे तसें निराळें कलम नाहीं. येथें चोरी, जबरी चोरी आणि दरोडा अशी पायऱ्यांची जुनी व्यवस्था आहे. ती 1860 च्या दंडसंहितेंत होती आणि 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही कायम राहिली आहे.

पहिली पायरी चोरीची. दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु त्याच्या संमतीवांचून अप्रामाणिक हेतूनें हलविली कीं चोरी पुरी होते. तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माल किंवा उतारू वाहणारें वाहन चोरल्यास कलम 305 प्रमाणें ही मर्यादा सात वर्षांवर जाते. चोरी करण्यासाठीं, अथवा चोरलेला माल नेण्यासाठीं, मारहाण केली, अडवून धरलें किंवा तत्काळ इजेचा धाक घातला, तर ती कलम 309 खालील जबरी चोरी होय. तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हाच गुन्हा हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळांत घडला, तर मर्यादा चौदा वर्षें. ही तरतूद झाली तेव्हां मोटार जन्मासही आली नव्हती. तरीहि अंधारांत एकट्या पडलेल्या वाटसरूचें भय आजहि तेंच आहे, म्हणून नव्या संहितेनें ती जशीच्या तशी ठेवली.

जबरी चोरींत इजा झाली तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते. पांच किंवा अधिक जण मिळून तें कृत्य करतील तर तो कलम 310 प्रमाणें दरोडा, आणि त्यालाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. प्राणघातक शस्त्र वापरलें किंवा जबर दुखापत केली, तर कलम 311 प्रमाणें सात वर्षांहून कमी शिक्षा देतां येत नाहीं. मात्र ही सक्ती ज्यानें शस्त्र वापरलें त्याच्यापुरतीच, असें सर्वोच्च न्यायालयानें 1975 सालीं ठरविलें. नुसता उघडा सुरा हातीं धरून भय घालणें म्हणजेही शस्त्राचा वापर, हेंही त्याच निकालांत आलें.

गाडी गमावलेल्या माणसानें हद्दीच्या वादांत पडूं नये. गुन्हा कोणत्याही हद्दींत घडो, जवळच्या ठाण्यानें खबर नोंदविलीच पाहिजे आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठविली पाहिजे. सांपडलेलें वाहन ठाण्याच्या आवारांत गंजत पडूं देऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें 2002 सालीं बजावलें. पंचनामा व छायाचित्रें झाल्यावर मालकास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून सुपुर्दनाम्यावर तें परत मागतां येतें.

आतां दुसरी बाजू. आरोपीच्या बचावाचा पहिला मुद्दा असा, कीं बळाचा वापर चोरीसाठींच झाला होता काय? भांडणांत मारहाण झाली आणि मागाहून कोणीं गाडी नेली, तर दोन गुन्हे होतील; जबरी चोरी सिद्ध होईलच असें नाहीं. दुसरा मुद्दा हक्काच्या प्रामाणिक समजुतीचा. भाडेखरेदीचे हप्ते थकल्यावर करारानुसार वाहन ताब्यांत घेणें ही चोरी नव्हे, असें 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. परंतु बँकांनीं वसुलीसाठीं गुंडांचा उपयोग करूं नये, असेंही 2007 सालीं सुनावलें. ‘थोड्या वेळापुरतीच नेली होती’ हा बचाव मात्र टिकत नाहीं. 1952 सालीं जोधपूरहून दोन प्रशिक्षणार्थींनीं विमान परवानगीवांचून नेलें; तात्पुरतें नेणें हीसुद्धां चोरीच, असा निर्णय 1957 सालीं झाला.

तिसरा मुद्दा ओळखीचा. अंधारांत क्षणभर पाहिलेला चेहरा चुकूं शकतो. म्हणून ओळख परेड घेतात. पण साक्षीदारास आरोपी आधींच दाखविला असेल, तर तिची किंमत राहत नाहीं. पोलिसांपुढील कबुली पुरावा होत नाहीं. त्या सांगण्यावरून वस्तु सांपडली, तर त्या शोधाशीं निगडित तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. हें तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनें 1946 सालीं स्पष्ट केलें. चोरीनंतर लौकरच गाडी ज्याच्याजवळ सांपडते तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा, असें न्यायालय गृहीत धरूं शकतें. मात्र त्याला खुलाशाची संधि असते. कागदपत्रें न पाहतां स्वस्त गाडी घेणाऱ्यानें हें विसरूं नये.

कोठडींतील माणसास, त्याचें उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्यानें विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. ही गुन्हेगारावरील मेहेरबानी नव्हे. भलत्याच माणसाला शिक्षा झाली, तर खरा लुटारू त्याच रस्त्यावर पुढच्या चालकाची वाट पाहत उभा राहतो.