हैदराबाद संस्थानांतील पक्षनामें व फसली 1357 चे कागद

नांदेड व लातूर या बाजूच्या दप्तरांत फसली 1355 ते 1358 या सालांचे उर्दू, मोडी व बाळबोध कागद संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांत ‘कम्युनिस्ट’, ‘रझाकार’, ‘स्टेटवाले’ हीं नांवें आढळलीं म्हणजे पक्ष ठरला असें समजण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस सदोष वाटतो.

रशियांत 1917 च्या क्रांतीनंतर तांबडे व पांढरे अशी ढोबळ वांटणी झाली. हैदराबादेंत तेवढीही झाली नाहीं. तेलंगणांत जुलै 1946 मध्यें कडवेंडी येथें दोड्डी कोमरय्या मारले गेल्यावर कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव पसरला. स्वामी रामानंद तीर्थ यांची स्टेट काँग्रेसही निजामाविरुद्धच होती. तिसरा पक्ष इत्तेहादुल मुसलमीनच्या रझाकारांचा. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. मे 1948 मध्यें निजाम सरकारनें कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठविली, तेव्हां त्या पक्षानें रझाकारांशीं संधान बांधल्याचा आरोप झाला. तेलंगणांतील दळें मात्र रझाकारांशीं लढतच होतीं. सप्टेंबरांत हिंदी फौज आली आणि पुढें याच दळांचा तिच्याशीं झगडा जुंपला, तो ऑक्टोबर 1951 मध्यें लढा मागें घेईपर्यंत चालला.

म्हणून कागदाची तारीख आधीं पाहावी. हैदराबादी फसली सालांत ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत 590 व पुढें 591 मिळविले असतां इसवी सन येतो. एकट्या 1357 सालांत नोव्हेंबर 1947 चा ‘जैसे थे’ करार, बंदी उठणें व सप्टेंबरची लष्करी कारवाई या तिन्ही गोष्टी पडतात. तेव्हां नुसतें साल उपयोगाचें नाहीं, महिनाही वाचला पाहिजे. आजूर हा त्याचा पहिला महिना ऑक्टोबरांत लागतो, आबान हा शेवटचा सप्टेंबरांत.

दुसरें, लिहिणारा कोण? जानेवारी 1948 मधील उमरीच्या बँकेवरील हल्ल्यास सरकारी लेखणी दरोडा म्हणेल, सैनिकांच्या आठवणी संग्राम म्हणतील. नांदेड जिल्ह्यांत तेव्हां मुधोळ तालुकाही होता व तेथें तेलुगु भाषा चाले. अशा सीमेवरील पाटील-पटवाऱ्यांच्या अहवालांत कोणाही हत्यारबंद माणसास ‘कम्युनिस्ट’ म्हटलें असल्यास तें जपून घ्यावें. 1946 सालीं अर्जापूरजवळ मारले गेलेले गोविंदराव पानसरे हे काँग्रेसचे होते.

संग्रहांत एक बाजू मात्र फारच थोडी दिसते. सप्टेंबर 1948 नंतर मुसलमान वस्तीवर जो प्रसंग गुदरला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे तिनें सर्वांत अधिक पोळलेले म्हणून नोंदले आहेत. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. तेथील सुमारें दहा हजार मुसलमानांपैकीं जेमतेम तीन हजारच समितीस गांवांत आढळले. हा अहवाल पुष्कळ वर्षें अप्रसिद्ध होता. ज्या घरांतून माणसें गेलीं त्यांचीं बाडें, वह्या व पत्रें रद्दीच्या बाजारांत गेलीं असण्याचा संभव आहे. लातुरांतील रद्दीवाल्यांकडील उर्दू कागद संग्राहकांनीं न वाचतां टाकूं नयेत.