भिंतीत जाणारी वायर आधी आपण बघायची

आज हप्ते नि व्याज थोडं बाजूला ठेवू आणि घरातल्या विजेविषयी बोलू. विषय वेगळा वाटला तरी आपल्या कर्जापासून तो फार लांब नाही.

गेल्या काही वर्षांत गटाच्या कर्जातून आपल्या घरांत किती वस्तू आल्या बघा. कुणाकडे घरघंटी आली, कुणाकडे शेवयाचं मशीन, कुणाच्या गोठ्यात कडबाकुट्टी. फ्रीज, मिक्सर, पाणी तापवायचा रॉड हे तर आता बऱ्याच घरांत आहे. पण या सगळ्यांना वीज पुरवणारी वायर कधीची आहे? २०१७ साली सौभाग्य योजना सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांवरच्या पुष्कळ गरीब घरांना पहिल्यांदा वीज मिळाली. त्या जोडणीबरोबर घरात एका दिव्यापुरती वायरिंग होती. पुढे त्याच वायरीला जोड देत देत पंखा, टीव्ही, मिक्सर लागत गेले. जुन्या माळवदाच्या नि कौलारू घरांतही असंच आहे. आजेसासऱ्यांच्या वेळची पट्टीवरची वायरिंग, आणि तिच्यावर आजचा संसार.

आता हिशेब करू, हिशेब तर आपल्याला येतोच. एक एचपीची घरघंटी म्हणजे साधारण ७५० वॅट. इस्त्री १,००० वॅट. पाण्याचा रॉड १,५०० वॅट. मिक्सर ५०० वॅट, फ्रीज २०० वॅट. सकाळच्या घाईत हे सगळं एकदम चालू झालं तर झाले ३,९५० वॅट. घरातली वीज २३० व्होल्टची असते. ३,९५० ला २३० ने भागलं की येतात सतरा अँपिअर. दिव्यापंख्यासाठी ओढलेल्या एक एमएमच्या वायरीला एवढा भार झेपत नाही. ती तापते, तिचं वरचं प्लास्टिक मऊ पडतं, जोडाच्या ठिकाणी काळं होतं. बोर्डाजवळ जळकट वास येतो, प्लग काढताना हाताला गरम लागतो, घरघंटी लावली की दिवे मिणमिणतात. ही लक्षणं दिसली की समजायचं, वायरिंग बदलायची वेळ झाली.

आमच्या एका गटातल्या ताईंनी शेवयाचं मशीन घेतलं. कर्ज मशीनपुरतं मागितलं, वायरला पैसे उरले नाहीत. घरातल्या प्लगवरून बारीक वायर लांबवर ओढून मशीन पडवीत चालवलं. वायर बारीक आणि लांब असली की शेवटाला व्होल्टेज कमी मिळतं. मोटर नुसती घुमते, तापते. दोन महिन्यांत ती जळाली. मोटर भरून आणायचा खर्च वेगळा, हंगाम बुडाला तो वेगळा, आणि हप्ता काही थांबला नाही. म्हणून मशीनसाठी कर्जाचा अर्ज लिहिताना वायरिंगचा खर्च त्यातच धरा. मशीनइतकाच तो धंद्याचा खर्च आहे.

आता काम कुणाला सांगायचं? गावात विजेचं काम करणारे तीन जण असतात आणि आपण तिघांना एकच समजतो. लाइनमन हा महावितरणचा माणूस. खांबापासून मीटरपर्यंतचं काम त्याचं. मोटारी भरणारा पंपाची मोटर उत्तम दुरुस्त करेल, पण घराची वायरिंग हे त्याचं शिक्षण नाही. मीटरच्या पुढचं, म्हणजे आपल्या घरातलं काम वायरमनचं. आणि खासगी वायरमनने खांबावर चढायचं नाही, मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. 'खांबावरून सरळ जोडून देतो' असं जो म्हणतो, त्याला घरात घेऊच नका.

आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे दोन अभ्यासक्रम आहेत. ते केलेला मुलगा जाणकार असतो. पण आयटीआयचं सर्टिफिकेट आणि शासनाचा वायरमन परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परवान्याचं वेगळं विचारायचं. नवीन मीटर घेताना किंवा भार वाढवताना महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, तो परवानाधारक ठेकेदाराच्याच सहीचा लागतो. म्हणून आपला वायरमन कोणत्या ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट आणून देणार, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवून घ्या.

तुम्ही म्हणाल, वायरमन भावकीतलाच आहे, त्याला परवाना कसा मागायचा? त्याला वाईट वाटेल. तर असं म्हणा, "भाऊ, परवान्याची झेरॉक्स द्या, गटाच्या फाइलला लावायची आहे." झेरॉक्स मागायची आपल्याला सवय आहे आणि द्यायची गावाला सवय आहे. त्यात कुणाचा अपमान होत नाही. शिवाय त्याने आधी काम केलेल्या दोन घरी जाऊन या. तिथल्या बाईला विचारा, घरधन्याला नको. स्विच तीच रोज दाबते.

एकट्या घराच्या लहान कामासाठी तालुक्याचा चांगला वायरमन यायला तयार होत नाही, ही खरी अडचण आहे. तिथे गट कामाला येतो. पाच-सहा घरांचं काम एकत्र सांगितलं तर त्याचा फेरा वसूल होतो, आपल्यालाही दर ठरवून घेता येतो आणि दुकानातून माल एकदम घेता येतो.

दर ठरवताना घोटाळा होतो तो 'पॉइंट' या शब्दाचा. वायरमन मजुरी पॉइंटवर सांगतात. दिवा एक पॉइंट, पंखा एक पॉइंट, हे ठीक. पण बोर्डावरचा प्लग वेगळा पॉइंट धरणार का? मेन बोर्डाचं काम, अर्थिंगचा खड्डा, जुनी वायर काढणं, भिंत फोडून परत बुजवणं, हे मजुरीत आहे की वेगळं? माल कोण आणणार? हे सगळं वहीच्या एका पानावर लिहा, खाली दोघांच्या सह्या. मजुरी तीन भागांत द्या. थोडी सुरुवातीला, थोडी वायर ओढून झाल्यावर, आणि उरलेली सगळं तपासून झाल्यावर. शेवटचा भाग हातात असेपर्यंत वायरमन फोन उचलतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

माल आणायला शक्यतो स्वतः जा आणि पक्कं बिल घ्या. वायर तांब्याची, आयएसआय छाप असलेली. जाडी वायरीच्या अंगावरच छापलेली असते, ती वाचा. दिव्यापंख्याला एक किंवा दीड एमएम, घरघंटी, इस्त्री, रॉड यांच्या मोठ्या प्लगला अडीच एमएम, गिझरला चार एमएम असं साधारण धरतात. मशीन मेन बोर्डापासून लांब असेल तर आणखी जाड. घरघंटीला किंवा मशीनला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. रंगही लक्षात ठेवा. लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला. 'हिरवी कशाला, दोन वायरींत भागतं' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. त्या हिरव्या वायरीवर आपला जीव आहे.

कसा, ते सांगते. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून एक बातमी येतेच. ओले कपडे वाळत घालताना बाईला तारेचा शॉक बसला, सोडवायला गेलेलं घरातलं माणूसही गेलं. पत्र्याच्या धारेवर वायर वाऱ्याने घासत राहते, तिचं प्लास्टिक कापलं जातं आणि वीज पत्र्यात उतरते. कपड्यांची लोखंडी तार त्याच पत्र्याच्या अँगलला बांधलेली असते. मग तारेतही वीज, आणि ओला हात तिच्यावर. बाई जपून वागली असती तर वाचली असती, असं मागून लोक म्हणतात. पण वीज डोळ्याला दिसत नाही. तिने जपायचं तरी कशापासून?

इथे दोन गोष्टी वाचवतात, अर्थिंग आणि ईएलसीबी. मीटरजवळच्या बोर्डावर एमसीबी असतो, तो भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. पण तो वायरीला वाचवतो, माणसाला वाचवत नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर भार गेला तरच पडणार, आणि माणूस तर एका अँपिअरच्या छोट्याशा भागानेही दगावतो. ईएलसीबी, ज्याला आरसीसीबी असंही म्हणतात, तो वेगळा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला, म्हणजे ती कुठेतरी पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालली आहे, हे ओळखून तो क्षणात मेन तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. अँपिअरचे हजार भाग केले तर त्यातले तीस. आणि तो सारखा पडतो म्हणून कुणी काढून टाकायला सांगितलं तर काढू देऊ नका. तो पडतो याचा अर्थ घरात कुठेतरी वीज गळते आहे. गळती शोधायला सांगा.

अर्थिंगच्या नावाखाली फसवणूक सगळ्यात जास्त होते, कारण ते जमिनीत गाडलेलं असतं. खड्डा घेताना तिथे उभ्या राहा. नळी किंवा पत्रा खोल, ओल टिकेल अशा जागी जायला हवा. उन्हाळ्यात तिथे पाणी घालायची सोय ठेवा. दोन फुटांवर सळई ठोकून 'झालं अर्थिंग' म्हटलं तर ते झालेलं नाही. पाण्याच्या नळाला अर्थिंगची वायर बांधू देऊ नका. आणि सगळ्यात धोक्याची पळवाट म्हणजे प्लगच्या आत हिरव्या वायरीच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा जोडून देणं. बाहेरून काही कळत नाही. पण एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटली की फ्रीज, घरघंटी, सगळ्यांच्या अंगावर वीज येते. म्हणून खड्ड्यापासून मेन बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून प्रत्येक प्लगपर्यंत हिरवी वायर आपल्या डोळ्यांनी बघा.

भिंत बुजवायच्या आधी एक दिवस मागून घ्या. पाइप कुठून गेले, वायर किती जाड आहे, हे उघडं असतानाच दिसतं. प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तोच फोटो कामाला येतो. बोर्ड चुलीच्या वर नको, मोरीजवळ नको, लहान पोराच्या हाताला लागेल इतका खाली नको. स्वयंपाकघरात प्लग कुठे हवा हे आपण सांगायचं. नाहीतर मिक्सरसाठी पुन्हा एक्स्टेन्शन ओढायची वेळ येते.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी वायरमनच्याच हाताने तीन गोष्टी करून घ्या. पहिली, ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघा. दुसरी, स्विच बंद केल्यावर दिव्याच्या होल्डरमध्ये टेस्टर लावायला सांगा. टेस्टर पेटला तर स्विच फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवला आहे. बल्ब बदलताना शॉक बसतो तो यामुळेच. तिसरी, ठेकेदाराकडून यंत्राने अर्थिंग मोजून घ्या आणि तो आकडा टेस्ट रिपोर्टवर लिहून घ्या. यातलं काहीही आपण स्वतः करून बघायचं नाही. आपण फक्त उभं राहून बघायचं.

वीजबिलावर 'मंजूर भार' असं लिहिलेलं असतं. आपल्या वस्तूंची बेरीज त्याहून जास्त होत असेल तर महावितरणच्या कार्यालयात भार वाढवायचा अर्ज द्या. मशीनवर धंदा करणार असाल तर तेही तिथेच सांगा, बिलाचा दर कोणता लागेल ते आधीच विचारून घ्या. खांब वाकला, सर्व्हिस वायर लोंबते किंवा पत्र्याला टेकते, तर १९१२ या नंबरवर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. कुणाला शॉक बसत असेल तर त्याला हाताने धरू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या काठीने त्याला बाजूला करा.

नवी वायरिंग सगळ्यांना लगेच परवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण दोन कामं या आठवड्यात होण्यासारखी आहेत. पत्र्याला बांधलेली कपड्यांची लोखंडी तार काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. आणि जमतील तसे पैसे बाजूला टाकून आधी अर्थिंग नि ईएलसीबी करून घ्या, बाकीची वायरिंग टप्प्याटप्प्याने होईल. ज्यांच्याकडे ईएलसीबी आहे त्यांनी महिन्याच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी घरातून निघताना त्याचं टेस्टचं बटण दाबायचं. बैठकीत हजेरी घेताना 'बटण दाबलं का' हेही विचारायचं आणि वहीत लिहायचं. बचतीची नोंद आपण एवढी चोख ठेवतो, त्यात ही एक ओळ वाढली तर जड नाही.