दगडाच्या पोटातली भेग

माठ विकत घेताना आई त्यावर टिचकी मारून बघते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे म्हणून बाजूला ठेवायचा. पाथरवटसुद्धा दगड आधी हातोड्याने वाजवून घेतो. अल्ट्रासॉनिक टेस्ट म्हणजे काय, तर हीच टिचकी. फरक इतकाच, की ती २० हजार हर्ट्झच्या वरची असल्याने आपल्या कानाला ऐकू येत नाही आणि तिचं उत्तर मायक्रोसेकंदात मिळतं.

दगडाच्या एका बाजूला एक ट्रान्सड्यूसर, समोर दुसरा. पहिल्यातल्या पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टलला व्होल्टेजचा झटका दिला की तो थरथरतो, ती थरथर दगडातून पलीकडे जाते आणि दुसरा क्रिस्टल तिचं पुन्हा व्होल्टेज करतो. मध्ये ग्रीस लावायला विसरायचं नाही, नाहीतर हवेचा पातळ थर राहतो आणि लहर दगडात शिरतच नाही. अंतर भागिले वेळ, की झाला वेग! या कामाचं एक प्रसिद्ध ब्रिटिश यंत्र आहे, त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की होतं ‘पंडित’. हे पंडितजी एकच आकडा सांगतात. अर्थ ज्याचा त्याने लावायचा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आपल्या सह्याद्रीतल्या घट्ट, ताज्या बेसाल्टमध्ये लहर सेकंदाला साधारण ५ ते ६ किलोमीटर पळते. पाण्यात दीड किलोमीटर, हवेत जेमतेम ०.३४. वाटेत हवेने भरलेली भेग आली की लहर जवळजवळ पूर्ण परत फिरते. मग पलीकडे पोचते कोण? भेगेच्या टोकाला वळसा घालून आलेली लहर. वळसा म्हणजे जास्त अंतर, म्हणजे जास्त वेळ. यंत्राला भेग ‘दिसत’ नाही. त्याला फक्त उशीर कळतो.

या उशिरावरून भेगेची खोलीही काढता येते. समजा, कातळाच्या पृष्ठभागावर एक उभी भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंना १००-१०० मिलिमीटरवर ट्रान्सड्यूसर ठेवले. वेग ५ किलोमीटर धरला तर शाबूत दगडात २०० मिलिमीटरला ४० मायक्रोसेकंद लागतात. भेगेवर मात्र ५० लागले. म्हणजे लहर एकूण २५० मिलिमीटर चालली, १२५ खाली आणि १२५ वर. शाळेतला पायथागोरस आठवा: कर्ण १२५, पाया १००, उंची ७५. भेग ७५ मिलिमीटर खोल!

आता याच भेगेत पावसाचं पाणी भरू द्या. लहरीला वळसा घालायची गरजच उरत नाही, ती पाण्यातून सरळ पलीकडे जाते. भेग एक मिलिमीटर रुंद असेल तर वेळ येतो साधारण ४०.५ मायक्रोसेकंद. तेच सूत्र लावा, खोली येते १६ मिलिमीटर. भेग तेवढीच आहे, सूत्रही तेच आहे, आणि रिपोर्ट मात्र बदलला. उतारावरच्या कातळातली भेग जास्त घातक होते ती पाण्याने भरल्यावर, कारण पाण्याचा दाब तिला आतून फाकवतो. आणि आपली टेस्ट नेमकी तेव्हाच तिला किरकोळ ठरवते. म्हणून रीडिंगशेजारी ‘कोरडा’ की ‘ओला’ हे लिहिलेलं नसेल तर माझ्या मते तो आकडा खोडून टाकलेला बरा. शिअर वेव्ह पाण्यातून जात नाही, त्यामुळे ओल्या दगडात दोन्ही प्रकारच्या लहरी मोजणं शहाणपणाचं.

दिशेचाही घोळ आहेच. भेग लहरीच्या वाटेला समांतर असेल तर लहर तिच्या शेजारून निघून जाते, वेगात काही फरक पडत नाही. म्हणून ठोकळा तिन्ही दिशांनी तपासायचा. शिवाय ५० किलोहर्ट्झला दगडातली तरंगलांबी १० सेंटिमीटर असते. बोटभर भेग त्यात सहज लपते. मग एक मेगाहर्ट्झ का वापरू नये? तरंगलांबी ५ मिलिमीटर होईल, पण दगडातले कण आणि पोकळ्या ती लहर विखरून टाकतात. छोट्या कोअरला चालेल, मोठ्या शिळेत ती वाटेतच विरते.

ही पद्धत खरी कसाला लागली ती कॅनडात. अणुकचरा खोल ग्रॅनाइटमध्ये पुरता येईल का, हे तपासायला मॅनिटोबा प्रांतात जमिनीखाली प्रयोगशाळा बांधली होती. तिथे ४२० मीटर खोलीवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक चाचणी बोगदा खोदला. कचऱ्याच्या भोवतालच्या दगडात भेगा म्हणजे पाण्याला वाट, म्हणून दगड किती दुखावला हे कळणं भाग होतं. सुरुंगाने इजा होऊ नये म्हणून बोगदा सुरुंग न लावताच कोरला. तरीही अल्ट्रासॉनिक मोजणीत भिंतीलगतचा वेग आतल्या दगडापेक्षा कमी भरला. खोदल्यामुळे बोगद्याभोवती जो ताण एकवटला, त्यानेच ग्रॅनाइटमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पाडल्या होत्या.